जागेवरचा रुमाल

आमच्या शाळेच्या पालकसभेला फार तर वीस-बावीस पालक यायचे आणि शिवाय आक्का यायच्या. त्या एकट्याच सदतीस पालक होत्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी हेडमास्तरांनी मला हे सांगितले तेव्हा ते घाम पुसत होते. मला वाटले, उकडत असेल. सभा भर जुलैत होती आणि बाहेर पाऊस पडत होता, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आले.

उचगावच्या बाजूला, शहर संपता संपता, मुलांची एक संस्था होती. आईबाप नसलेली किंवा असून नसल्यासारखी मुले तिथे राहत. लोक तिला अनाथाश्रम म्हणत आणि आक्का 'आमचं बोर्डिंग' म्हणत. कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकणे ही मानाची गोष्ट. इथले निम्मे वकील नि डॉक्टर कुठल्या ना कुठल्या बोर्डिंगातूनच वर आलेले. आक्कांसमोर कुणी दुसरा शब्द उच्चारला की त्यांना अचानक ऐकू येईनासे व्हायचे. समोरचा शब्द बदलेपर्यंत त्या छत्रीच्या टोकाने फरशीवर टकटक करत राहायच्या. मुळात त्या तिथे स्वयंपाकाला आल्या होत्या. आधीच्या गृहमाता सोडून गेल्या, नवीन कोणी मिळेना, तेव्हा समितीने चार दिवसांपुरत्या म्हणून किल्ल्या आक्कांच्या कमरेला खोचल्या. ते चार दिवस वीस-पंचवीस वर्षे चालले.

नऊवारी लुगडे, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, बारा महिने छत्री, आणि आवाज असा की त्या फाटकातून "मास्तर" म्हणाल्या की तीन वर्गांतून तीन मास्तर बाहेर यायचे.

सभेला प्रत्येक वर्गशिक्षक एकेका टेबलाशी बसे आणि पालक रांगेने येत. माझ्या आठवीत बोर्डिंगची सहा मुले होती. आक्कांनी पहिल्या मुलाचे सगळे ऐकून घेतले, उठल्या, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर परत आला तेव्हा मी म्हणालो, बसा, सगळ्यांचेच सांगून टाकतो.

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "मास्तर, तुमच्या घरात दोन लेकरं आजारी पडली, तर डॉक्टर दोघात एकच बाटली देतोय व्हय?"

माझे लग्न व्हायचे होते, पण मुद्दा कळला. खरी गंमत तर पुढेच होती. दर खेपेला रांगेतून वेगळाच पालक यायचा. एका मुलासाठी आल्या तेव्हा त्यांनी टेबलावर मूठ आपटून मला झापले, की पोराला गणित येत नाही म्हणजे तुम्ही करता काय. पाच मिनिटांनी एका मुलीसाठी आल्या त्या पदर सावरत, इतक्या हळू बोलत की मला पुढे वाकावे लागले. तिसऱ्या खेपेला माझ्याशी कुस्तीवर गप्पाच मारत बसल्या आणि मुलाचे विचारायचे विसरल्या. सभा संपल्यावर मी धीर करून विचारले, की हे असे का. त्या म्हणाल्या, "त्या सदाला तापट बाप पायजे हाय. हौस त्येची, मी काय करू?"

प्रगतिपुस्तकावरच्या सह्या हा तर स्वतंत्र विषय. आक्का तिसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांना स्वतःचे नाव लिहिता यायचे, पण तेवढे सदतीस तऱ्हांनी लिहिता यायचे. एकाला तिरकी सही, एकीला लांब शेपटीची, एकाला खाली दोन टिंबे, पाचवीतल्या एका चिमुरडीला डोक्यावर फूल असलेली. कुठली सही हवी ते मूल ठरवायचे आणि आक्का ती पाटीवर गिरवून पाठ करायच्या. हेडमास्तरांनी एकदा सगळी पुस्तके टेबलावर मांडून त्यांना बोलावले आणि यातली खरी सही कुठली ते विचारले. आक्का म्हणाल्या, सगळ्याच खऱ्या, नाव माझेच आहे की. मग त्यांनी समजावून सांगितले, की वर्गात पुस्तके गोळा करताना सहा जणांच्या पुस्तकावर एकच सही दिसली की बाकीची पोरे लगेच ओळखतात. हेडमास्तरांनी पुस्तके मुकाट्याने परत केली. पुढे फुलाची सही आली का म्हणून ते दर महिन्याला विचारतात, असे शिपायाने मला सांगितले.

सरकारी पुस्तके वाटायच्या दिवशी आम्ही मास्तर मंडळी वर्गात म्हणायचो, आश्रमाची मुलं उभी राहा. कित्येक वर्षांची रीत. त्यात काही वावगे आहे असे कुणाच्या मनातही आले नव्हते. एके दिवशी आक्का शिक्षकांच्या खोलीत आल्या. चहा चालला होता. त्यांनी अगदी गोडीत सुचवले, की उद्या वर्गात असेही सांगा, ज्यांचे वडील घरजावई आहेत ती लेकरं उभी राहू देत. आमचे गणिताचे सर घरजावई होते आणि त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत होता. त्यांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. पुढच्या वर्षापासून पुस्तके बोर्डिंगात पोचती होऊ लागली, आणि ती पोचवायला गणिताचे सर स्वतः सायकलवरून जायचे.

इतके सगळे डोळ्यांदेखत घडूनही मी माती खायची ती खाल्लीच. मी हातकणंगल्याहून रोज रेल्वेने येणारा, नवाकोरा बी.एड. झालेला इतिहासाचा मास्तर. काहीतरी नवे करून दाखवायची खुमखुमी होती. पुस्तकात राजघराण्याची वंशावळ होती. ती शिकवून झाल्यावर मी नमुना म्हणून आमच्या घराण्याची वंशावळ फळ्यावर काढली आणि मुलांना सांगितले, तुम्हीही तुमच्या घराण्याची काढून आणा. आपण शिक्षणक्षेत्र हलवून सोडले अशा थाटात त्या दिवशी मी गाडीत शेंगदाणे खात घरी गेलो.

मालन माझ्या त्या वर्गातली, बोर्डिंगची. इतिहासात पहिली, वेण्या घट्ट, बोलणे तोडून. तिने आणलेली वंशावळ पुस्तकातल्या राजघराण्याचीच होती. सगळी नावे तीच, सगळ्या रेघा त्याच. फक्त शेवटच्या राजाखाली एक रेघ जास्त होती आणि तिच्या टोकाला लिहिले होते, मालन. मी ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. आणि वाचून झाल्यावर, हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, मी कमरेत वाकून मुजरा केला आणि म्हणालो, "राणीसाहेब, आम्हांला आधी कळवायचं होतं." वर्ग खो खो हसला. मालनही हसली. ती हसली म्हणून मी निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवसापासून मालन शाळेत आली नाही. मधल्या सुट्टीत पोरे राणीसाहेब, राणीसाहेब करत तिच्या मागे फिरली होती, हे मला नंतर कळले. तिने बोर्डिंगात जाहीर केले, की शाळा बास झाली, आता मी शिवण शिकणार. हा नुसता रुसवा असता तर चालले असते. पण सलग दहा दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव आमच्याकडे पटावरून कमी होई, आणि बोर्डिंगच्या समितीचा नियम होता, की शाळेतून नाव गेलेल्या मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिवणकामाच्या संस्थेत पाठवायचे. तिकडे गेलेली एकही मुलगी पुन्हा शाळेत बसल्याचे कुणाला आठवत नव्हते. मालनच्या हातात दहा दिवस होते.

तिसऱ्या दिवशी मी हजेरी घेत होतो. मालनचे नाव वाचले आणि पुढच्या नावाकडे वळणार, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "हजर."

आक्का बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची किरकोळ मुलगी बाकाच्या पार टोकाला गेली होती आणि छत्री दोघींच्या मध्ये होती. 

मी विचारले, "आक्का, हे काय?"

"एश्टीत जागा धराया खिडकीतनं रुमाल टाकत्यात का न्हाय?"

"टाकतात."

"मग मी मालनचा रुमाल हाय. ती ईस्तवर बसती. तुम्ही शिकवा."

मी धावत हेडमास्तरांना बोलावून आणले. त्यांनी आक्कांना नियम सांगायला तोंड उघडले आणि मिटले. हेडमास्तर रोज पन्हाळ्याहून एस.टी.ने यायचे. आमच्याकडे माणूस चोरीमारी करून सुटेल, पण दुसऱ्याच्या रुमालावर बसलेला माणूस काही सुटत नाही. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, की हजेरीपटाचे काय करायचे ते वर्गशिक्षकाने ठरवावे, आणि निघून गेले. मी मालनच्या नावापुढे पेन्सिलीने एक टिंब दिले.

मग सुरू झाली आक्कांची आठवी. त्या सगळ्या तासांना बसायच्या. पाणी प्यायला जाताना हात वर करून विचारायच्या. कवायतीच्या तासाला कॅनव्हासचे बूट एकदाचे सार्थकी लागले. शेजारणीचे खोडरबर मागून घ्यायच्या आणि परत करायला विसरायच्या. भूगोल त्यांना भारी आवडला. जगात इतकी गावे आहेत आणि तिथेही माणसे सकाळी उठून स्वयंपाक करतात, हे त्या तासानंतरही घोकत बसायच्या. एकदा त्यांच्या पुढच्या बाकाच्या फळीखालून मुंग्यांची रांग निघाली. तिथे बोर्डिंगच्या सदाने अर्धी भाकरी फडक्यात बांधून ठेवली होती. विज्ञानाचे सर त्याला वर्गाबाहेर काढणार होते. आक्का उठल्या, सरांच्या जवळ गेल्या आणि हळूच सांगितले, की त्याला भूक नाही, उद्याची काळजी आहे, त्याला एक डबा द्या म्हणजे मुंग्या लागायच्या नाहीत. सरांनी दुसऱ्या दिवशी घरून पत्र्याचा डबा आणला. सदाने तो वर्षभर जवळ बाळगला, आणि दिवाळीनंतर त्यात भाकरीच्या जागी गोट्या दिसू लागल्या.

मला मात्र आक्का एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. मला ते झेपत नव्हते. त्यांनी छत्रीने हाणले असते तर बरे वाटले असते. दिवस जात होते आणि माझी पेन्सिलीची टिंबे वाढत होती.

सहाव्या दिवशी मी उजळणी घेत होतो. फळ्यावर तीच राजघराण्याची वंशावळ. आक्कांनी हात वर केला.

"मास्तर, त्या नावाम्होरं कंसात काय ल्हिवलंय?"

"दत्तक."

"म्हंजे?"

"राजाला मूल नव्हतं. मग दुसऱ्या घरातलं मूल आणून गादीवर बसवलं."

"आनि त्या खालच्या नावाम्होरं?"

"तेही दत्तक."

"मग ती खरी राजं का खोटी?"

"खरीच की."

आक्कांनी जरा विचार केला. मग विचारले, "त्यास्नी कोन हसलं न्हाय?"

मी खडू खाली ठेवला. मग पिशवीतून मालनचा कागद काढला. सहा दिवस मी तो घेऊन रेल्वेने येत-जात होतो आणि उघडायचे धाडस होत नव्हते. तिच्या नावापुढे, मुंगीएवढ्या अक्षरात, कंसात लिहिले होते, दत्तक. पोरीने एक अक्षर खोटे लिहिले नव्हते. त्या अख्ख्या पुस्तकात बाहेरून आणलेल्या मुलाला सरळ, पूर्ण रेघ मिळालेली एवढीच जागा होती, आणि तिने ती शोधून काढली होती. मी बी.एड. होतो आणि मला कंस दिसला नव्हता.

त्याहून वाईट म्हणजे, माझे स्वतःचे आजोबा दत्तक आलेले. घरात सगळ्यांना ठाऊक. नमुना काढताना मीच तो कंस गाळला होता, उगाच कशाला म्हणून. मला वर्गातच रडू फुटले. खडूची पूड डोळ्यांत गेली असे मी सांगितले, पण आठवीतली पोरे काही एवढी भोळी नसतात. आक्का बाकावरूनच म्हणाल्या, "असूं दे रं लेकरा. शिकव तू." तोवर त्यांनी मला कधी अरेतुरे केले नव्हते.

सातव्या दिवशी घटक चाचणी होती. आक्कांनी तीही दिली, लिहायचे प्रश्न सोडून नुसत्या जोड्या लावल्या नि चूक-बरोबरच्या खुणा केल्या. जीभ दातांत धरून, सगळ्यांत शेवटी पेपर दिला. पेपर तपासले आणि त्याच संध्याकाळी गणिताच्या सरांची सायकल मागून मी बोर्डिंगात गेलो. मालन पडवीत मशीनवर बसली होती. वाटेत मी एक लांबलचक भाषण जुळवले होते, ते फाटकातच विसरलो. खिशातून माझी वंशावळ, कागदावर नव्याने काढलेली, तिच्यापुढे धरली. आजोबांच्या नावापुढे आता कंस होता. मी म्हणालो, "मालन, मी चुकलो. मला वाचता आलं नाही."

तिने कागद घेतला. रेघांवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "सर, तुमची रेघ वाकडी हाय. पट्टी घ्यायची."

मी म्हणालो, घेईन.  तिने पाय मशीनवरून खाली घेतले आणि विचारले, की तिच्या जागेवर खरंच आक्का बसते का. सगळ्या तासांना बसतात, मी म्हणालो, आज तर इतिहासाची चाचणी पण तुझ्या नावाने दिली.

मालन ताडकन उठली. "माझ्या नावानं? किती पडलं?"

"पंचवीसात सात."

तिचा चेहरा असा झाला की तसा तो मी मुजरा केला तेव्हाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच मालन वर्गाच्या दारात दप्तर घेऊन उभी होती.

आक्कांना मात्र उठायची घाई नव्हती. पहिला तास भूगोलाचा होता. त्यांनी तो संपेपर्यंत मालनला शेजारी उभे केले आणि मगच छत्री उचलली. वर्गातून एक पोरगा राणीसाहेब म्हणाला, तर शेजारच्या किरकोळ मुलीनेच त्याच्या डोक्यात पट्टी हाणली. मी पेपरवरचे मालनचे नाव खोडून आक्कांचे घातले, आणि सांगितले, की नापास पेपरावर पालकाची सही लागते. आक्कांनी पेन मालनच्या हातात दिले. मालनने डोके तिरके करून विचार केला आणि सही केली. शेपटीची नव्हती, फुलाची नव्हती, मध्येच एक गाठ मारल्यासारखी होती. तो पेपर माझ्याकडे अजून आहे. पेन्सिलीच्या टिंबांवर मी त्या दिवशी शाईने 'ह' लिहिले. सरकारी कागदावर मी केलेला हा एकमेव गुन्हा, आणि तो करताना मी पट्टी धरली होती.

त्यानंतर दर जूनला हेडमास्तर नव्या मास्तरांसाठी आक्कांना बोलवू लागले. भाषण असे काही नसायचे. त्या एकेकाची जन्मतारीख विचारायच्या. बोर्डिंगच्या मुलांच्या खऱ्या तारखा कुणालाच माहीत नसत, म्हणून सगळ्यांची एक जून लावलेली. तर आमच्या मास्तरांतही निम्मे लोक एक जूनचेच निघायचे, खुद्द हेडमास्तरांसकट. मग आक्का समाधानाने म्हणायच्या, की हे बघा, तुम्ही समदी माझ्याच बोर्डिंगची. मग सांगायच्या, बापाला घेऊन ये असं म्हणू नका, घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन ये म्हणा. आणि हसायच्या आधी कागद दोनदा वाचा. हे सांगताना त्या माझ्याकडे मुळीच बघायच्या नाहीत, म्हणून बाकीचे सगळे माझ्याकडे बघायचे.

मालन शिकली. पुढे हातकणंगल्यालाच शाळेत लागली, इतिहास शिकवायला. कधी कधी सकाळच्या गाडीला स्टेशनवर भेटायची आणि आता तरी पट्टी वापरता का म्हणून विचारायची.

बारा-तेरा वर्षांनी आक्कांच्या पोटाचे मोठे ऑपरेशन निघाले. निरोप मिळाला तसा मी दवाखान्यात गेलो. व्हरांड्यात बोर्डिंगची जुनी मुले उभी होती. कुणी ड्रायव्हर, कुणी पोस्टात, कुणी कडेवर मूल घेऊन आलेली. सगळी रांगेत उभी होती. आक्कांनी सकाळी सांगितले होते, गर्दी नको, एकेकाने या, आणि त्यांना ऑपरेशनसाठी आत नेले तरी रांग तशीच होती. सदा माझ्याजवळ येऊन कुजबुजला, की डॉक्टर म्हणाले, वय झालंय, काही सांगता येत नाही. आणि परत रांगेत आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

मी वॉर्डात गेलो. आक्कांच्या कॉटवर कुणीतरी गळ्यापर्यंत चादर ओढून झोपले होते.  जवळ गेलो तर मालन. डोळे टक्क उघडे, चपला पायांतच. वॉर्डबॉय कपाळाला हात लावून शेजारी उभा होता. वॉर्ड भरला होता, दारात दुसरा पेशंट बाकावर ताटकळत बसला होता आणि त्याला ही कॉट द्यायची होती. मालन म्हणत होती, जागा धरलेली आहे.

तेवढ्यात सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन आली आणि यादीतली नावे वाचू लागली. वाचता वाचता तिने आक्कांचे पूर्ण नाव घेतले.

"हजर," मालन म्हणाली.

सिस्टरने यादीत बघितले, मालनकडे बघितले, पुन्हा यादीत बघितले. समोरच्या कॉटवरची म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, "रुमाल टाकलाय नव्हं तिनं? मग झालं की. त्या पावण्यास्नी माझ्यापशी बसवा." दारातला पेशंट खरोखरच म्हातारीच्या पायाशी येऊन बसला. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतले पाणीही आवरेना. या वेळी खडूची सबब नव्हती.

दोन तास गेले. मग दार उघडले आणि स्ट्रेचर आले. मागून डॉक्टर आले, त्यांनी नुसती मान हलवली, होकाराची. व्हरांड्यातली रांग मोडून सगळी दारात गोळा झाली. स्ट्रेचर कॉटला लागले. आक्कांचे ओठ सुकले होते. त्यांनी एक डोळा कसाबसा उघडला आणि कॉटकडे बघितले.

"कोन बसलंय माझ्या जागंवर?"

मालन चादर सारून उठली. "कोन न्हाय, आक्का. रुमाल हाय. ये तू."